माळावरची चिलटं

पहिल्याच होलवर जया इंगवलेनं डोक्याची टोपी काढली आणि तोंडासमोर दोनदा झटकली.

"मामा, ह्या साली तुमच्या माळावर चिलटं फार झालीत," तो म्हणाला.

भैरूमामा आमच्या दोघांच्या बॅगा दोन खांद्यांना अडकवून उभे होते. साठीचा माणूस, कानाला मफलर, अंगात कुणा साहेबानं कधीकाळी दिलेला, बाहीला उसवलेला स्वेटर. आंबेमाळच्या त्या गोल्फच्या मैदानावर चाळीस वर्षं ते लोकांच्या बॅगा वाहत होते. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. डिसेंबरातली सकाळ, पठारावर असा वारा की वाळलेलं गवत सगळं एका अंगाला झोपलेलं.

"आसतील सायेब," मामा म्हणाले. साहेब लोकांना नाही म्हणायची त्यांना सवय नव्हती.

मला हसू आलं. म्हटलं, झालं ह्याचं सुरू. जया समोर असला की मॅच नुसत्या हातानं खेळून भागायचं नाही. मी फटका मारायला वाकलो की ह्याला खोकला यायचा, ह्याच्या बुटाची नाडी सुटायची, नेमकी तेव्हाच ह्याला माझ्या मेहुण्याच्या तब्येतीची काळजी वाटायची. आज चिलटं. मी तिकडं लक्ष न देता फटका मारला आणि चेंडू सरळ गेला.

"बरा गेला की रं," जया म्हणाला. "वहिनीनं काय चारलंय येताना?"

"तू तुझं बघ."

"माझं बघायला काय, सात वर्षं बघतोयच की."

ही गोष्ट नऊ वर्षांपूर्वीची. तेव्हा आम्ही चौघं पन्नाशीच्या अलीकडं-पलीकडं होतो. जयाची शिरोलीला फौंड्री. सुभाष मगदूम दातांचा डॉक्टर. श्रीनिवास कारखानीस वकील. आणि मी दिगंबर कोपर्डे, चष्मेवाला. कोल्हापुरात वडिलांनी टाकलेलं दुकान मी चालवतो. नंबर काढतो, काचा बसवतो, आणि माझ्या आवाक्याबाहेरचं काही दिसलं तर डोळ्यांच्या डॉक्टरकडं चिठ्ठी देऊन पाठवतो.

गोल्फचं खूळ जयाचं. त्याचा माल घेणाऱ्या कंपनीचा कुणी साहेब त्याला एकदा खेळायला घेऊन गेला आणि परत आल्यावर ह्यानं आम्हा तिघांना नादाला लावलं. तालमींच्या गावात काठीनं गोटी ढकलणारे चार बाप्ये म्हणून लोक आम्हाला हसायचे. आम्हीही हसायचो, पण डिसेंबर आला की गाडीत त्या काठ्या, म्हणजे क्लब, टाकून दोन दिवस आंबेमाळला जायचोच. मैदान गोऱ्या साहेबाच्या काळातलं, नऊ होलचं, म्हणजे नऊ ठिकाणी नऊ खळ्या. अठरा करायची तर तीच नऊ दुसऱ्यांदा खेळायची. पाण्याची बोंब असल्यानं खळीभोवती हिरवळ नाही. वाळूत तेल कालवून, रोलर फिरवून केलेला काळपट गोल, आणि त्यावरून चेंडू खळीत ढकलायचा.

आम्ही मॅचप्ले खेळायचो. म्हणजे एकूण फटके मोजत बसायचं नाही, प्रत्येक होल ही वेगळी कुस्ती. ज्याचा चेंडू कमी फटक्यांत खळीत गेला, होल त्याचं. शेवटी ज्याची होल जास्त तो जिंकला. शनिवारी दोन जोड्या, रविवारी जिंकलेल्या दोघांची फायनल, आणि बक्षिसाला गदा. जयानं स्वतःच्या भट्टीत ओतलेली, दीड किलोची, बिडाची. जिंकेल त्यानं वर्षभर स्वतःकडं ठेवायची. अकरा वर्षांत ती सात वेळा जयाकडंच राहिली, दोनदा मगदूमकडं, दोनदा कारखानीसकडं. माझ्या दुकानात एकदाही आली नाही. शोकेसच्या वरच्या फळीवर मी तिच्यासाठी जागा मोकळी ठेवली होती. जया दुकानात आला की त्या मोकळ्या जागेला हात जोडून नमस्कार करायचा, गिऱ्हाइकांसमोर.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, आमच्या नियमाची. पहिल्या वर्षी तिसऱ्या होलवर जयानं मगदूमला तोंड उघडून दाखवलं. "ही दाढ बघ जरा, दोन दिवस ठणकतीय." मग कारखानीसनं त्याच्याकडून हिरड्यांबद्दल विचारून घेतलं, मगदूमनं कारखानीसला भाडेकरूच्या नोटिशीचं विचारलं, आणि तिघांनी मिळून मला जवळचं धूसर दिसतंय म्हणून घेरलं. त्या दिवशी धड नऊ होलही झाली नाहीत. परतल्यावर कारखानीसनं स्कोअरच्या कार्डामागं वकिली अक्षरात लिहून काढलं: सहलीत कुणीही स्वतःचा वा दुसऱ्याचा धंदा काढू नये, काढल्यास चालू होल गेले. चौघांनी सह्या केल्या. गाडी कोल्हापुरातून निघाली की नियम लागू, परत कोल्हापुरात शिरेपर्यंत. मजेमजेत केलेला नियम, पण आम्ही तो काटेकोर पाळायचो. एका वर्षी मगदूम नुसतं "गोड कमी खा" म्हणाला म्हणून त्याचं होल गेलं होतं.

तर त्या रविवारी फायनल मी आणि जया. मगदूम आणि कारखानीस त्यांचं त्यांचं खेळत आमच्या पुढं निघून गेले होते. मागं आम्ही दोघं आणि भैरूमामा.

पाचव्या होलवर जयानं परत हात झटकला. सातव्यावर तो फटका मारायचा थांबला.

"तिकडं दरीच्या पलीकडं आरसा कोण चमकवतंय रं?"

"कुठं?"

"डावीकडं. मघापासून चमचम चाललीय."

मी बघितलं. पलीकडं नुसता डोंगराचा कडा, त्यावर माणूस नाही की जनावर नाही. जया स्वतःच हसला. "भट्टीसमोर जन्म गेला बघ. आता डोळे मिटले तरी ठिणग्या उडतात."

मी नाही हसलो. मी फडक्यानं क्लब पुसत राहिलो. तेव्हा मला पहिल्यांदा टोचलं. जयाचे चष्मे वीस वर्षं मीच करत होतो. उजवा डोळा उणे चार, डावा उणे नऊ. त्याच्या बायकोपेक्षा त्याचे डोळे मला जास्त माहीत होते. पण तेव्हा तो दोन होलनी पुढं होता आणि माझ्या डोक्यात ती दोन होलच घोळत होती.

दुसरी फेरी सुरू झाली आणि जयाचा खेळ बिघडायला लागला. एरवी हा माणूस चेंडूवर उभा राहिला की नुसती नजर डावीकडं टाकून खळी बघायचा. आता अख्खी मान वळवत होता, कोंबडा बघतो तशी. बाराव्या होलवर हातभर अंतरावरून चेंडू खळीच्या बाजूनं काढला. चौदाव्यावरून निघताना माझ्याच बॅगेला अडखळला. बॅग त्याच्या डाव्या हाताला, उघड्यावर होती.

"मामा, वाटेत कशाला ठेवता?" तो चिडून म्हणाला. मामांनी बॅग उचलली. बॅग त्यांनी वाटेत ठेवलेली नव्हती.

बारावं मी जिंकलं, पंधरावंही मी जिंकलं. सोळावं बरोबरीत सुटलं. सतराव्याच्या ओट्यावर, म्हणजे आठवं होल दुसऱ्यांदा सुरू करायला आम्ही उभे राहिलो तेव्हा मॅच बरोबरीत होती. दोन होल राहिलेली. अकरा वर्षांत मी गदेच्या इतक्या जवळ कधी आलो नव्हतो. 

ते होल दरीच्या काठाकाठानं जातं. डाव्या अंगाला सरळ खाली उतार, कारवीचं रान. जयानं चेंडू खुंटीवर ठेवला, उभा राहिला, मान वळवून बघितलं आणि परत सरळ झाला. चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, घातला. परत काढला.

"दिग्या," तो म्हणाला. "ही चिलटं तुला दिसतात का रं?"

आवाजात थट्टा नव्हती. त्या आवाजात मी जयाला पूर्वी एकदाच बोलताना ऐकलं होतं, त्याचे वडील दवाखान्यात होते तेव्हा.

मी बोलायच्या आधी भैरूमामा बोलले. "चिलटं कुठनं सायेब? ह्या वाऱ्यात माणूस उभा ऱ्हाईना, चिलटं कशी टिकतील? मला तर न्हाई दिसत."

जया माझ्याकडं बघत होता.

आता सांगतो. माझ्या दुकानात वर्षातनं तीन-चार माणसं अशी येतात. सांगतात, डोळ्यापुढं चिलटं उडतात, वीज चमकल्यासारखी होतीय. मी त्यांना तपासायच्या खुर्चीवर बसवतही नाही. रिक्षा बोलावतो आणि थेट डोळ्यांच्या दवाखान्यात पाठवतो. डोळ्याच्या आतला पडदा फाटायला लागला की असं दिसतं, आणि जाड नंबरवाल्यांचा तो लवकर फाटतो. त्यात एका बाजूनं दिसायचं बंद व्हायला लागलं म्हणजे पडदा सुटत चाललाय, आणि तिथं दिवस मोजून चालत नाही, तास मोजायचे. हे मला पाठ आहे. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. सातव्या होलवर मला शंका आली होती आणि चौदाव्यावर तो बॅगेला अडखळला तेव्हा ती शंका राहिली नव्हती.

आणि मला हेही पाठ होतं की सांगितलं तर होल गेलं. नियम म्हणजे नियम. सतरावं गेलं की मी एकनं मागं, मग उरलं एक, फार तर बरोबरी. आणि तो घाबरून मॅच टाकून खाली उतरला तर गदाच नाही. मी स्वतःला म्हटलं, दोन होलचा तर प्रश्न आहे. अर्धा तास. अर्ध्या तासात काय आभाळ कोसळतंय. संपू दे, मग सांगू. हे सगळं मनातून जायला किती वेळ लागला असेल? जयानं चष्मा परत नाकावर बसवला, तेवढाच.

गप्प राहिलो असतो तरी एक वेळ ठीक होतं. मी गप्प राहिलो नाही.

"दिसतात की," मी म्हणालो. "फार झालीत." आणि तोंडासमोर हात झटकला.

जयाचा चेहरा एकदम मोकळा झाला. "बघा मामा," तो म्हणाला, "डोळ्यांचा माणूस हा आहे, तुम्ही नव्हं." मामांच्या पाठीवर थाप मारली, क्लब फिरवला आणि चेंडू डावीकडं, सरळ दरीत घातला. अकरा वर्षांत तिथं त्याचा चेंडू कधी गेला नव्हता.

"हात्तिच्या," तो म्हणाला आणि कुठं पडला बघायला काठाकडं निघाला. चार पावलं गेला असेल. मामांनी दोन्ही बॅगा खाली टाकल्या, धावले आणि त्याचा डावा दंड धरला.

"सायेब, कड हाय."

"दिसतीय की मला," जया म्हणाला. त्याला ती दिसत नव्हती. त्याचा डावा बूट काठावरच्या दगडावर अर्धा बाहेर होता.

सतरावं होल मी जिंकलं. चेंडू खळीत पडल्यावर जया झेंडा परत रोवायला गेला, तेव्हा मामा माझी बॅग उचलता उचलता हळूच म्हणाले, "सायेब, चिलटं न्हवती."

"मामा, बॅग उचला," मी म्हणालो.

अठरावं बरोबरीत सुटलं. मी एका होलनं जिंकलो.

क्लबहाऊसच्या व्हरांड्यात मगदूम आणि कारखानीस चहा घेऊन बसले होते. जयानंच लांबून ओरडून सांगितलं, "उठा रं, मालक आले." त्यानंच गाडीतनं गदा काढून आणली. माझ्या खांद्यावर ठेवली, मला खुर्चीवर उभं केलं, आणि तालमीतल्यासारखी माझ्या दंडावर थाप मारली. इतका मनापासून खूश होता की हरलाय कोण ते कळू नये. "तुझी ती फळी बघून बघून मलाच लाज वाटायला लागलेली लेका," तो म्हणाला.

तेव्हा सांगायचं होतं. मॅच संपली होती, कुठलं होल जाणार नव्हतं. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की तुला दिसत नव्हतं म्हणून मी जिंकलो, आणि मला ते माहीत होतं? खांद्यावर गदा घेऊन? मी खुर्चीवरनं खाली उतरलो आणि भजी खाल्ली.

परतताना कारखानीस गाडी चालवत होता. जया पुढच्या सीटवर डोळे मिटून बसला होता, गदा मागं माझ्या मांडीवर. घाटाच्या प्रत्येक वळणावर मी म्हणत होतो, पुढच्या वळणावर बोलू. जयाच्या दारात त्याला सोडलं तेव्हा मी काच खाली केली.

"जया, सवडीनं दुकानात ये. नंबर बघू एकदा."

"आता कुठली सवड," तो म्हणाला. "मार्चपर्यंत मान वर करायला फुरसत नाही. ऑर्डर आहे मोठी. का रं, काय झालं?"

"काही नाही. बरेच दिवस झाले म्हणून."

"येतो की," म्हणाला आणि बॅग घेऊन आत गेला. सवडीनं, असा शब्द वापरला मी.

पुढच्या नऊ दिवसांत मी तीनदा फोन हातात घेतला. एकदा लावलाही. फौंड्रीतल्या कुणीतरी उचलला, साहेब भट्टीवर आहेत म्हणाला, मी ठेवून दिला. गदा वरच्या फळीवर होती. गिऱ्हाइकं विचारायची, हे काय, कुस्ती खेळता होय? मी गोल्फचं सांगायचो, ती हसायची. मला ते आवडत होतं, खोटं कशाला बोलू.

दहाव्या दिवशी सकाळी सात वाजता जयाचाच फोन आला.

"दिग्या, डाव्या डोळ्यावर कुणीतरी गोणपाट टाकलंय बघ. सगळं काळं आहे."

मी पायात चप्पल न घालता स्कूटर काढली. पद्मजावहिनी दारातच उभ्या होत्या. त्याला मागं बसवून मी दवाखान्यात नेलं. ओळखीचे डॉक्टर, कित्येक चिठ्ठ्या मी त्यांना लिहिलेल्या. त्यांनी डोळ्यात औषध घातलं, बाहुली मोठी होईपर्यंत थांबले, मग बराच वेळ आत बघत राहिले.

"पडदा पूर्ण सुटलाय," ते म्हणाले. "मधला भागसुद्धा. ऑपरेशन करू, पण फार आशा देत नाही. मधला भाग सुटायच्या आधी आला असता तर नजर वाचली असती." मग त्यांनी विचारलं, "ह्याच्याआधी काही दिसलं होतं? काळे ठिपके, चिलटं उडाल्यासारखी?"

मी जयाच्या शेजारी उभा होतो.

"चिलटं होती," जया म्हणाला, "पण ती खरीच होती डॉक्टर. माळावर खेळायला गेलो होतो तिथं. ह्यालाही दिसली." आणि त्यानं चाचपून माझा हात धरला.

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना मी काय करतो ते माहीत होतं, मला काय कळतं तेही माहीत होतं. मी भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडं बघत राहिलो. "असं होय," ते म्हणाले आणि कागदावर लिहायला लागले.

वहिनी बाहेरच्या बाकावर होत्या. मला म्हणाल्या, "भावजी, तुम्ही होतात म्हणून लगेच आणता तरी आलं. नाहीतर ह्यांनी आजही भट्टी गाठली असती." मी मान हलवली. दुसरं काय करता येत होतं ते मला आजही सुचत नाही. म्हणजे सुचतं, पण तेव्हा केलं नाही.

दोन ऑपरेशनं झाली. डाव्या डोळ्याला उजेड आणि अंधार एवढंच कळतं. तो दवाखान्यातून घरी आल्यावर मी दुकानातली गदा फळीवरून काढून काचा पुसायच्या फडक्यांच्या खणात ठेवली. पुढच्या डिसेंबरात ती परत नेली. त्यानंतर ती माझ्याकडं आली नाही, मी येऊ दिली नाही. जिंकत आलेली दोन होल मुद्दाम घालवली की होतं.

जया मात्र सहलीला यायचा थांबला नाही. एका डोळ्यानं अंतराचा अंदाज येत नाही, तरी तो शिकला. चेंडू खुंटीवर ठेवताना आधी बोटानं खुंटी चाचपतो, मग ठेवतो. भट्टीवर आता त्याचा मुलगा उभा राहतो. भैरूमामाही बॅगा वाहत नाहीत. क्लबहाऊसच्या पायरीवर ऊन खात बसलेले असतात. मला रामराम घालतात, पण जास्त बोलत नाहीत.

आणि दरवर्षी, जोडी कुणाची का लागेना, त्या दरीकाठच्या ओट्यावर माझी नि जयाची गाठ पडली की तो थांबायचा. तोंडासमोर हात एकदा हलवायचा आणि म्हणायचा, "यंदा चिलटं नाहीत रं."

"नाहीत," मी म्हणायचो.

"बरं झालं," तो म्हणायचा आणि खेळायचा.

पहिल्या वर्षी मला वाटलं, सहज म्हणाला. दुसऱ्या वर्षी मी त्याच्याकडं बघायचं टाळलं. तिसऱ्या वर्षापासून मी आठ दिवस आधीच त्या ओट्याला भ्यायला लागलो. बायको म्हणायची, तुम्हाला एवढा त्रास होतो तर जाता कशाला? न जाऊन कसं चालेल, मी म्हणायचो. आठ वर्षं असंच चाललं.

गेल्या डिसेंबरात शनिवारची जोडी माझी आणि त्याची लागली. सतराव्याच्या ओट्यावर आलो. मॅच बरोबरीत होती, पण आता कोण त्याकडं बघतंय. जया खाली वाकून खुंटी चाचपत होता. त्याचे केस मागून सगळे पांढरे झालेत. चेंडू एकदा घरंगळला, त्यानं हुडकून परत ठेवला, आणि वाकल्या वाकल्याच हात हलवला.

"यंदा चिलटं नाहीत रं."

"तेव्हाही नव्हती," मी म्हणालो.

तो उठला नाही. एक हात गुडघ्यावर, एक चेंडूवर. वारा होताच. आता थांबता येत नव्हतं.

"मला सातव्या होलवरच शंका आली होती. ह्या ओट्यावर तू विचारलंस तेव्हा मला माहीत होतं जया. नक्की माहीत होतं."

"मलाही माहीत आहे," जया म्हणाला.

"कधीपासनं?"

"डॉक्टरनं विचारलं ना, चिलटं दिसली का म्हणून. तेव्हाच कळलं." तो उभा राहिला आणि कमरेवर हात ठेवून मागं ताणला. "भैरूमामा काय खोटं बोलतात होय."

"मग तू डॉक्टरांना म्हणालास, ह्यालाही दिसली."

"म्हणालो. म्हटलं बघू, बोलतोस का." त्यानं चांगला डोळा माझ्याकडं वळवला. त्यासाठी त्याला अख्खी मान वळवावी लागते. "मग दरवर्षी म्हणत राहिलो. म्हटलं आज बोलेल."

मला रडायला आलं. साठीला टेकलेला माणूस मी, क्लबवर भार देऊन उभा होतो आणि मला काही दिसेना झालं. माफ कर म्हणायचं होतं, तेही नीट म्हणता आलं नाही. जया थांबला. मी नाक पुसेपर्यंत थांबला. मग वाकून त्यानं खुंटीवरचा चेंडू उचलला, खुंटी उपटली आणि दोन्ही खिशात टाकलं.

"धंदा काढलास दिग्या," तो म्हणाला. "होल माझं."

वरच्या खिशातनं त्यानं कार्ड आणि पेन्सिल काढली. कार्ड उजव्या डोळ्याशी नेऊन सतराव्या चौकटीत स्वतःच्या नावापुढं खूण केली, मला दाखवली, आणि बॅग घेऊन अठराव्याकडं चालू लागला. माझ्यासाठी तो थांबला नाही.

एक होल. त्या दिवशीही माझं एवढंच गेलं असतं.